जिवाणूंच्या हातून घडलेले औषध
(वार्षिक सभेत बालकर्करोग विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात मुलांना एल-अस्पॅराजिनेज नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. ते ई. कोलाय या जिवाणूपासून तयार होते हे कळल्यावर एका वडिलांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, ज्या जंतूने जुलाब होतात, त्याचेच औषध माझ्या मुलीला देणार?" प्रश्न रास्त होता.

अस्पॅराजीन हे एक अमिनो आम्ल आहे. आपल्या बहुतेक निरोगी पेशी ते स्वतः तयार करतात. ल्युकेमियाच्या पेशींना मात्र सहसा ते पुरेसे करता येत नाही; त्या रक्तातील साठ्यावर जगतात. अस्पॅराजिनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, तो साठा फोडून टाकते. गडाला वेढा घालून रसद तोडावी, तसाच हा प्रकार. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील लिम्फोमाच्या गाठी विरघळताना दिसल्या. पुढे त्यामागे हे विकर असल्याचे उमगले आणि १९६४ साली ई. कोलायमधील विकरातही तोच गुण आढळला. गिनीपिग पाळून किती मुलांना औषध पुरणार? जिवाणू मात्र टाकीत काही तासांत अमाप वाढतात.

जनुकतंत्राने आता हव्या त्या विकराचे जनुक जिवाणूत घालून उत्पादन वाढवता येते. गौशे रोगावरील विकराला शर्करेच्या विशिष्ट साखळ्या लागतात, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या किंवा वनस्पतींच्या पेशींत करावे लागते. अस्पॅराजिनेजला त्यांची गरज नाही. अशा पुनःसंयोजित ई. कोलाय अस्पॅराजिनेजला युरोपात २०१६ साली मान्यता मिळाली. ज्यांना त्याची ॲलर्जी होते, त्यांच्यासाठी एर्विनिया जिवाणूचे जनुक स्यूडोमोनास जिवाणूत घालून केलेले औषध २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले.

त्या वडिलांना मी सांगितले, की इंजेक्शनमध्ये जंतू नसतो. त्याने केलेले एक प्रथिन गाळून, शुद्ध करून घेतलेले असते. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, "मग ते काम करते आहे, हे कळणार कसे?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता.

शुद्धीकरण कमी पडले तर जिवाणूची इतर प्रथिने औषधात उरतात. २०१७ साली ब्राझीलमध्ये आयात केलेल्या एका अस्पॅराजिनेजविषयी याच कारणाने मोठा वाद झाला. औषध शुद्ध असले, तरी ते परक्या प्रथिनाचेच. काही मुलांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि अंगावर पुरळ न उठताही औषध निष्प्रभ होते. मूल हसतखेळत असते, आईवडील समाधानी असतात, आणि इंजेक्शन वाया जात असते. यावर उपाय एकच: पुढील मात्रेआधी रक्तातील विकराची क्रियाशीलता मोजणे. ती दर मिलिलिटरला किमान ०.१ युनिट असावी, असा संकेत आहे. ती न भरल्यास औषध वेळीच बदलता येते.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. निविदा उघडताना कुपीच्या किमतीसोबत तिच्या शुद्धतेचे दाखले आणि २ ते ८ अंश सेल्सिअसला साठवणुकीची हमी मागावी. आणि देणगीदारांनी कुपीसाठी दिलेल्या रकमेतला काही भाग या रक्तचाचणीसाठी वेगळा ठेवण्यास अनुमती द्यावी. कुपीच्या खोक्यांसारखे या चाचणीचे छायाचित्र अहवालात छापता येणार नाही, याची मला कल्पना आहे.