रुग्णनोंदींचे संगणकीकरण : निवड आणि स्वीकार
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थिवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूचन या आपल्या नेहमीच्या विषयांच्या पंक्तीत आजचा विषय काहीसा परका वाटेल. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आपल्या कुटुंबांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या कपाटात केसपेपर, रक्ततपासणीचे कागद आणि एक्स-रे यांची एक फुगलेली पिशवी नाही. शिवाय आपल्यापैकी कित्येकजण स्वतः डॉक्टर आहेत, काहींची लहान रुग्णालये आहेत, तर काही धर्मादाय दवाखान्यांचे विश्वस्त आहेत. संगणकीय नोंदपद्धती विकणारे प्रतिनिधी आज त्यांच्या दारी येत आहेत. कोणती पद्धत घ्यावी, कशी घ्यावी आणि घेताना कोणते भान राखावे, एवढ्यापुरताच मी बोलणार आहे.

रुग्णाची नोंद नीट ठेवली जात नाही ही तक्रार नवी नाही. रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवले आहे, की तुलना करण्याजोग्या नोंदी मागूनही त्यांना जवळजवळ कोठेच मिळाल्या नाहीत. पुढे १९६८ साली डॉ. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने नोंद रुग्णाच्या एकेका तक्रारीभोवती रचावी, म्हणजे वाचणाऱ्याला उपचारामागील विचार कळेल, असे प्रतिपादन केले. तात्पर्य हे, की संगणक येण्यापूर्वीच चांगल्या नोंदीचे लक्षण ठरलेले होते. ज्याची कागदावरची नोंद अव्यवस्थित, त्याची संगणकावरची नोंद आपोआप व्यवस्थित होणार नाही.

आपल्या परिसरातील रुग्णाचा प्रवास पाहा. डोंबिवलीचा गृहस्थ प्रथम आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. तेथून शास्त्रीनगर रुग्णालयात किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात. दुखणे वाढले तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, आणि अखेरीस परळला. रुग्ण एकच, लोहमार्गही एकच. पण प्रत्येक स्थानकावर त्याचा इतिहास नव्याने सुरू होतो. त्याच त्या तपासण्या पुन्हा होतात, पैसा जातो. आणि कोणते औषध त्याला मानवत नाही हे सांगणारा कागद घरीच राहिला, तर प्राणावरही बेतते.

यावर केंद्र शासनाने योजलेला उपाय आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाला. त्याचे मर्म आपल्याला एका जुन्या उदाहरणाने कळेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे आपल्या पूर्वजांच्या नामावळ्या आहेत. त्या सगळ्या एका कोठारात साठविलेल्या नाहीत. ज्या त्या उपाध्यायांच्या घरी आहेत. आपण गाव आणि आडनाव सांगितले, की योग्य वही उघडते. या योजनेतही नोंद ज्या रुग्णालयात झाली तेथेच राहते. रुग्णाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो, आणि त्याने संमती दिली तरच एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी दिसते. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. मात्र सर्व वह्यांची लिपी एक असावी लागते. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली मानके प्रसिद्ध केली आणि २०१६ साली ती सुधारली.

संगणकाला आपला परिसर नवखा नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सुविधा केंद्र उघडून दाखले आणि करभरणा संगणकावर आणला, आणि तो नमुना पुढे राज्यातील इतर नगरपालिकांनी उचलला. कल्याणला मध्य रेल्वेचे विभागीय रुग्णालय आहे. रेल्वे मंडळाने देशभरच्या आपल्या रुग्णालयांसाठी एकच नोंदप्रणाली ठरवून २०२० साली ते काम आपल्याच रेलटेल कंपनीकडे सोपविले. एक मालक, एक प्रणाली, असे रेल्वेला शक्य झाले. आपल्या वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयांचे मालक वेगवेगळे. म्हणून त्यांनी निवड अधिक डोळसपणे केली पाहिजे.

डोळसपणा कशासाठी, ते २०२२ या एकाच वर्षातील दोन घटनांवरून दिसेल. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली प्रणाली, ती चालविणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपुष्टात येऊन, थांबली. डॉक्टरांच्या हाती पुन्हा कागद आणि लेखणी आली, आणि जुन्या नोंदी पाहणे दुरापास्त झाले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि सुमारे दोन आठवडे तेथील कामकाज हाताने चालवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

तिसरा इशारा परदेशातून येतो. डॉ. अतुल गावंडे हे विख्यात शल्यचिकित्सक; त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेस गेलेले. बॉस्टनमधील त्यांच्या रुग्णालयसमूहाने २०१५ साली सुमारे एकशे साठ कोटी डॉलर खर्चून नवी प्रणाली आणली. तीन वर्षांनी डॉ. गावंडे यांनी लिहिलेल्या निबंधाचा विषय होता, डॉक्टर आपल्या संगणकाला का कंटाळतात. रुग्णाकडे पाहण्याचा वेळ पडद्याकडे पाहण्यात जाऊ लागला होता. आपल्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण असतात. तेथे प्रत्येकामागे दोन मिनिटे वाढली, तरी दोन तासांहून अधिक वेळ गेला.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे करारात लिहून घ्यावीत. पहिला : उद्या आम्ही तुमची प्रणाली सोडली, तर आमच्या सर्व नोंदी दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत द्याल? दुसरा : शासनाच्या मानकांप्रमाणे आणि आभा क्रमांकाशी जोडून ती चालते काय? तिसरा : वीज किंवा इंटरनेट नसताना काम कसे चालेल? चौथा : नोंदींची दुसरी प्रत कोठे, किती वेळा ठेवली जाते, आणि ती उघडून पाहण्याची चाचणी कधी होते? पाचवा : कोणी, कोणाची नोंद, केव्हा पाहिली हे कळते काय? किमतीचा प्रश्न यानंतरचा. पहिल्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याला तेथूनच निरोप द्यावा. घरात शिरण्यापूर्वी बाहेरचा दरवाजा पाहावा, हे शहाणपण येथेही लागू आहे.

स्वीकार टप्प्याटप्प्याने व्हावा. प्रथम नावनोंदणी आणि औषधचिठ्ठी, नंतर प्रयोगशाळा, मग आंतररुग्ण विभाग. निवड करताना केवळ विश्वस्त आणि मुख्य डॉक्टर यांनीच बसू नये; परिचारिका आणि खिडकीवरचा कारकून यांनाही बोलवावे, कारण रोजची भरताड त्यांनाच करायची असते. आरंभीचे काही आठवडे कागदही चालू ठेवावा, आणि रुग्णाच्या हाती पडणारी चिठ्ठी त्याला वाचता येईल अशा मराठीत असावी.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो, आणि ती आपल्याच घरची आहे. आपल्या ज्ञातीत डॉक्टर, विश्वस्त आणि सोयरीक जुळविणारे हे पुष्कळदा एकमेकांचे आप्त असतात. अपस्मार, क्षय, मनाचे आजार यांची कुणकुण लागली, की एखाद्या मुलीचे स्थळ मोडते आणि कारण कोणीच उच्चारीत नाही. कागदाची फाईल एका कपाटात राही; संगणकातील नोंद शंभरजण पाहू शकतात. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कुजबुज कायद्याने थांबत नाही. म्हणून जेथे आपली माणसे विश्वस्त आहेत, तेथे रुग्णांची नोंद आणि वधूवरांची नोंद एका संगणकात, किंबहुना एका माणसाच्या हातीही असू नये. विश्वस्तपद म्हणजे रुग्णाची नोंद चाळण्याचा परवाना नव्हे. हा नियम लेखी करावा अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. हा विश्वास नसेल, तर लोक डॉक्टरांपासून आजार लपवितील, आणि लपविलेल्या आजाराची नोंद कोणतीही प्रणाली ठेवू शकणार नाही.

सभासद कुटुंबांनाही एक सांगणे आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत मिळाली पाहिजेत. हा हक्क आहे, तो विनयाने पण निश्चयाने वापरावा. घरातील प्रत्येकाचे रक्तगट, चालू औषधे, न मानवणारी औषधे आणि झालेल्या शस्त्रक्रिया एका पानावर लिहून ठेवाव्यात. आपल्या वाडवडिलांनी वंशावळी जपल्या. त्यांत कोण कोणाचा पुत्र हे आहे, पण कोण कशाने गेला हे बहुधा नाही. ती उणीव भरून काढणे आपल्या पिढीच्या हाती आहे.