कॅफेतलं टेबल हीसुद्धा कामाची जागा

(स्त्री कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विडी कामगार, घरकामगार, भाजीवाल्या यांच्या प्रश्नांवर दोन दिवस बोलणं चाललं आहे, आणि मध्येच एका लॅपटॉपवाल्या बाईनं उठून समुद्रकाठच्या कॅफेबद्दल बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. नाश्त्याच्या वेळी एकीनं विचारलंच, "तुमचे कसले प्रश्न? तुम्ही समुद्र बघत पगार घेता." तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. माझा पगार इथल्या पुष्कळजणींपेक्षा जास्त आहे आणि मी जात्यात नाही, फार तर सुपात आहे. तरीही ऐका, कारण माझ्या टेबलापासून तुमच्या प्रश्नांपर्यंतचं अंतर वाटतं तितकं लांब नाही.

गोव्याच्या पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही गावं समुद्राला लागून एका ओळीत आहेत. तेरेखोलच्या खाडीपलीकडे आपला सिंधुदुर्ग. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचा खेळ, म्हणजे सर्फिंग, पावसाळा सरला की इथे सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. लाटा फार मोठ्या नसतात, त्यामुळे शिकाऊ माणसांना बऱ्या. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरातली नोकरदार मंडळी लॅपटॉप घेऊन इथे राहायला येऊ लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार खात्यानं कॉल सेंटरसारख्या कामांसाठीचे नियम सैल केले आणि घरून काम करणं कंपन्यांना सोपं झालं. जानेवारी २०२३ पासून याच तालुक्यात मोप्याचा विमानतळ सुरू झाला. खोल्यांची भाडी कुठे गेली असतील ते तुम्हीच ओळखा.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी मजकूर तपासण्याचं काम करते. दोन हंगाम हे काम मी मांद्र्यातल्या एका कॅफेत बसून केलं. आठ टेबलं, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सर्फिंगच्या फळ्या, वायफायचा पासवर्ड खडूनं पाटीवर लिहिलेला. प्लगची जागा तीनच टेबलांना, म्हणून सकाळी लवकर जाऊन टेबल धरायचं. दर दोन तासांनी काहीतरी मागवायचं, हा कुठेही न लिहिलेला नियम. वीज गेली की इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याची धाकधूक. ऑफिसात टेबल, खुर्ची, वीज, पाणी, चहा, संडास हे सगळं कंपनीच्या खर्चात असतं. इथे ते माझ्या पगारातून जातं. पगारवाढीच्या वेळी मात्र ऐकवलं गेलं, की तू तर समुद्रावर मजेत राहतेस, तुला खर्च तो काय!

आता सोलापूरच्या विडी कामगार बाईकडे बघा. घरखात्यात पान-तंबाखू घरी आणायचं, जागा तिची, दिवा तिचा, पोरांचे हात तिचे. नेऊन दिलेल्या विड्यांतल्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात त्यांचे पैसे नाहीत. आणि ती घरी वळते म्हणून ती आमची कामगारच नव्हे, असं मालक म्हणायचे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं तिला कामगार म्हटलं आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. (तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला आहे. त्यात विडीवालीचं काय झालं, यावर वेगळं सत्र घ्यायला हवं.) १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यातली व्याख्या मुद्दाम वाचा. स्वतःच्या घरात किंवा मालकाची नसलेली, स्वतः निवडलेली दुसरी जागा, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे विडीवालीची ओसरी आणि माझं कॅफेतलं टेबल एकाच वाक्यात आलं. भारतानं या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आणि १९६१ पर्यंत ज्यांची गोव्यावर सत्ता होती त्या पोर्तुगालमध्ये काय झालं? तिथल्या सुधारित कायद्याप्रमाणे जानेवारी २०२२ पासून विश्रांतीच्या वेळेत मालकानं कामगाराला संपर्क करायचा नाही, आणि घरून काम करताना वाढणारा वीज-इंटरनेटचा खर्च मालकानं द्यायचा. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

मला आज मुख्यतः बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आमचा एक वरिष्ठ रात्री नऊनंतर व्हिडिओवर बोलणं ठेवायचा. त्या वेळी आम्ही दोघंच असायचो. कॅमेरा फिरव, समुद्र दाखव, इथपासून सुरुवात झाली. मग समुद्रावर काय कपडे घालतेस, पोहायला एकटीच जातेस का, इथपर्यंत मजल गेली. मी तक्रार केली. कंपनीच्या अंतर्गत समितीतून पहिलं उत्तर काय आलं? हे ऑफिसात घडलेलं नाही, ऑफिसच्या वेळेतही नाही, आणि तुम्ही तर कॅफेत होता.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाची जागा' याची व्याख्या फार रुंद आहे. नोकरीच्या निमित्तानं किंवा नोकरीच्या ओघात बाई जिथे जाते ती कुठलीही जागा, मालकानं दिलेलं जाण्यायेण्याचं वाहनसुद्धा, आणि राहतं घरही तीत येतं. राजस्थान उच्च न्यायालयानं २०२१ साली एका बँकेच्या प्रकरणात म्हटलं, की वेगवेगळ्या शाखांत बसलेली माणसं डिजिटल माध्यमातून जोडलेली असतील तर ती एकच कामाची जागा धरायची. मी हे दोन्ही लिहून पाठवलं. मग चौकशी झाली. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि माझ्या कामावर शेरा मारण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला गेला. ही मागणी तक्रारदार बाईला चौकशी चालू असतानाही करता येते. फार थोड्याजणींना ते ठाऊक असतं.

आता त्याच कॅफेतली दुसरी बाई. मागच्या मोरीत भांडी घासणारी विजापूरकडची तरुण मुलगी. रोज येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मार्च महिन्यात मोरीकडे जाऊन तिच्या अंगाला हात लावला. मालक म्हणाला, नेहमीचं गिऱ्हाईक आहे, तू त्याच्या वाटेला जाऊ नको. मी तिला म्हटलं, तक्रार करू या. ती म्हणाली, "नको ताई, पगार अडकेल." आम्ही ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या काकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घाई करू नकोस, तिला तिचा हिशेब करू दे. काकी स्वतः आठ खोल्यांच्या चादरी धुतात आणि हंगामभर स्वयंपाकघरात झोपतात. गोव्याच्या कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत त्यांचा अर्धा वाटा आहे, पण कारभार आणि भाड्याचे पैसे नवऱ्याच्या हातात. बायकांचा हिशेब कसा असतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्या कॅफेत कामाला सहा माणसं. दहापेक्षा कमी माणसं असली की अंतर्गत समिती नसते. तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. मालकाविरुद्धच तक्रार असेल तरीही तीच, आणि घरकामगार बाईलाही तीच. गिऱ्हाईक हा नोकर नाही म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत, कारण कामाच्या जागी येणाऱ्या माणसांपासून बाईला सुरक्षित ठेवणं ही जबाबदारी कायद्यानं त्याच्यावरच टाकली आहे. हे सगळं कागदावर उत्तम आहे. पण मांद्र्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, म्हणजे दोन बस आणि एक दिवसाची मजुरी. माझी समिती ईमेलवर, तिची दोन बस पलीकडे.

मे महिन्याच्या अखेरीस शेवटचा पगार हातात पडल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "आता लिहा." तीन महिने भरायला बारा दिवस उरले होते. बाई स्वतः तक्रार करू शकत नसेल तर तिच्या लेखी संमतीनं, घटना माहीत असलेल्या कुणालाही ती करता येते. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं, काकींनी वाचून घेतलं, तिनं संमतीवर सही केली आणि रजिस्टर पोस्टानं कागद गेला. पोच आली आहे. तारीख यायची आहे.

या धावपळीत मला कायद्यातली एक ओळ सापडली, ती तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी असायला हवा. त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायची. म्हणजे दोन बसची गरजच नाही. एका सरकारी कचेरीत मी हे विचारलं, तेव्हा समोरच्या बाबूनं तो शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. गोव्यातल्याच एका प्रकरणात १२ मे २०२३ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल खंत व्यक्त केली आणि सर्व राज्यांना समित्यांची तपासणी करायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुक्याचे नोडल अधिकारी नेमायचे आदेश पुन्हा दिले, मुदती घालून.

दाराशी मी एक वही ठेवली आहे. आपल्या तालुक्याचं नाव लिहा. नोडल अधिकारी कोण हे ठाऊक असेल तर त्यापुढे त्याचं नाव आणि कचेरी लिहा, नसेल तर जागा रिकामी सोडा. दुपारच्या सत्रात रिकाम्या जागा मोजू आणि कुणी कुठे अर्ज द्यायचा ते वाटून घेऊ. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून आणला आहे, प्रती काढायच्या तेवढ्या बाकी आहेत.