खालच्या कवळीचा आधार



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याविषयी आपण घरातही मोकळेपणाने बोलत नाही. खालची कवळी! वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला तो आधार नाही, त्यात जीभ तिला सतत ढकलते. शिवाय दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्याहून अधिक झिजते. गतवर्षी मलिद्याच्या वेळी एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणताना माझी कवळी उचलली गेली. मी पदराने तोंड झाकले, ताटातले पोहे आणि खोबरे तसेच राहिले. त्यानंतर कित्येक समारंभांना मी गेले नाही आणि कारण मात्र गुडघ्याचे सांगितले.

अनेक वर्षे परिचारिकेचे काम करूनही या बाबतीत मला नव्याने शिकावे लागले. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरून ठेवते, या शोधाच्या आधारे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णावर उपचार केले. नेहमीचे इम्प्लांट बहुधा साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचे असते. मिनी तीन मिलिमीटरहून बारीक. खालच्या कवळीसाठी नेहमीची दोन पुरतात. 2002 साली माँट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हाच उपाय प्रथम पसंतीचा मानला. मात्र त्यासाठी बहुधा हिरडी उघडावी लागते आणि हाड जुळेपर्यंत काही महिने थांबावे लागते.

मिनी सहसा चार बसवतात, अनेकदा हिरडी न कापता आणि एकाच बैठकीत. हाड अरुंद असेल तिथे ती उपयोगी पडतात, खर्चही कमी. पुष्कळदा जुनीच कवळी त्यांवर बसवता येते. उणीव अशी की बारीक असल्यामुळे ती मोडण्याची भीती अधिक; आणि बहुतेक एकसंध असल्याने वरचा भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई ब्याऐंशी वर्षांच्या. हाड अगदी अरुंद, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. मोठी शस्त्रक्रिया त्यांना झेपली नसती. त्यांनी चार मिनी बसवून घेतली. एक पुढे मोडले, पण उरलेल्या तिघांवर त्या भाकरी खातात आणि आम्हा सर्वांना बोलही लावतात.

माझी गोष्ट निराळी. ज्या दवाखान्यात मी प्रथम गेले, तिथे "आजी, एका दिवसात काम होईल" असे सांगून मिनीचा दर माझ्यासमोर ठेवण्यात आला. मी हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एक गोळी घेते, हे कोणी विचारले नाही. त्या गोळ्यांमुळे क्वचित जबड्याचे हाड बरे न होता मरू लागते. मी स्वतः सांगितले, तेव्हा समोरचा चेहरा बदलला. मी उठून आले. राग आला होता, खोटे कशाला सांगू? माझ्याजागी ज्यांना हे ठाऊक नाही अशा किती जणी त्या खुर्चीत बसल्या असतील, हा विचार रात्रभर छळत राहिला.

दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅन काढला, माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलले, धोका कमी पण शून्य नाही असे स्पष्ट सांगितले. हाडाची रुंदी पुरेशी होती, म्हणून मी नेहमीची दोन निवडली. चार महिने मऊ भातावर काढले. आता त्या कवळीतील रबरी कड्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात, आणि इम्प्लांटभोवती रोज ब्रश फिरवावा लागतो. दोन्ही प्रकारांत हे चुकत नाही.

दवाखान्यात जाताना सर्व गोळ्यांची यादी न्या, मधुमेह आणि धूम्रपान लपवू नका, कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. इम्प्लांट मोडले तर पुढे काय आणि खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. आपल्या वयाला कोणती सवलत लागू आहे, ते कुपत होलिममध्ये विचारून घ्यावे. हिब्रूतील संमतिपत्र समजत नसेल, तर सही करण्याआधी माझ्याकडे आणा. मंगळवारी सकाळी मी इथेच, स्त्रियांच्या बाजूच्या बाकावर असते.