बाळाच्या पहिल्या मिनिटाची सिस्टर

बारावी झालेल्या मुली आणि त्यांचे आईवडील आज इथे बसले आहेत, म्हणून सरळ कामाचंच बोलते. नर्सिंग करायचं तर बाळंतपण आणि नवजात बाळाची शुश्रूषा हा विषय आपल्या मुलींनी हट्टाने मागून घ्यावा.

का, तर आपलं वैशाखरे गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात वाडीवरून बाई हमरस्त्यापर्यंत आणायची, तिथून टोकावडे, मुरबाड, आणि बाळ फारच नाजूक असेल तर पुढे उल्हासनगर नाहीतर ठाणे. एवढ्या वाटेवर बाळ जगतं की नाही, हे ते पहिल्यांदा कोणाच्या हाती पडलं यावर ठरतं.

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, की सगळी खोली ओरडू लागते. तेव्हा शिकलेली सिस्टर काय करते? कोरड्या, उबदार फडक्याने बाळाला पुसते, पाठ चोळते. तरी श्वास नाही, तर मान किंचित मागे करून मास्क लावते. हनुवटीपासून नाकापर्यंत, डोळ्यांवर मुळीच नाही. मग मास्कला जोडलेली हवेची पिशवी दाबायची आणि नजर छातीवर ठेवायची. छाती उचलली जात नसेल तर हवा आत जात नाही. मास्क पुन्हा बसवायचा. हे सगळं पहिल्या मिनिटात सुरू व्हायला हवं. पुस्तक वाचून हे येत नाही, हात बसावा लागतो.

कमी दिवसांच्या बाळाचं काम याहून चिकाटीचं. चौतीस आठवड्यांच्या आतलं बाळ बहुधा चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालू शकत नाही. त्याला आईचं दूध नळीने, मोजून द्यावं लागतं. बाळ गार पडू नये म्हणून आईच्या उघड्या छातीशी बांधायचं. ही कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आणि तिला वीजही लागत नाही. आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको.

शिकवलेले हात काय करू शकतात ते पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतला तो अनुभव 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, त्यामागे हेच काम आहे. शिकलेल्या सिस्टरकडून मग किती अपेक्षा धरावी!

नर्सिंगच्या शिक्षणाची वाट अशी: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचारिका-प्रसाविका) तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. बी.एस्सी.ला विज्ञान शाखा लागते. पुढे प्रसूतिसेवेचं अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षणही केंद्र सरकारने आखलं आहे.

एक गोष्ट मात्र मला फार खटकते. नवजात कक्षात तयार झालेली सिस्टर बदलीने अस्थिरोगाच्या वॉर्डात जाते, आणि तिच्या जागी पाटी कोरी असलेली मुलगी येते. ही बदली थांबवा, असं आपल्या लोकप्रतिनिधींना गावाने सांगायला हवं.

आणि मुलींनो, कॉलेज निवडताना फी विचाराल, होस्टेल विचाराल. त्याआधी हे विचारा, की जोडलेल्या रुग्णालयात महिन्याला बाळंतपणं किती होतात, आणि त्यातली विद्यार्थिनींच्या हाताखालून किती जातात. उत्तर देताना कोणी चाचरलं, तर दुसरं कॉलेज बघा.