आमचा पणजा कोणाच्या दप्तरात?

(पैठण इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



पैठण हे दाखल्यांचं गाव आहे. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताईला शुद्धिपत्र आणायला इथंच पाठवलं होतं, अशी कथा आहे. तुम्ही कोण, हे पैठणच्या धर्मपीठानं सांगायचं. ही झाली बामणाच्या पोरांची गत. आपल्याला इथं कुणी शुद्धिपत्र मागितलं नाही, कारण आपण शुद्ध होऊ शकतो अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही.

आज मात्र आपल्याला दाखला मागतात. पोरगी बारावी झाली, मेडिकलला नंबर लागला, की जात वैधता प्रमाणपत्र आणा. वंशावळीचं शपथपत्र जोडा. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. 2001 पासून अमलात असलेल्या राज्याच्या कायद्याचं कलम 8 सांगतं, की जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. आता बघा गंमत. ज्या गावानं आमचा पाणवठा वेगळा ठेवला, मसणवटा वेगळा ठेवला, आमची सावलीसुद्धा ओळखली, त्या गावात आम्ही महार-मांग होतो याचा कागद आम्ही आणायचा!

म्हणून मी वंशावळीवर बोलणार आहे. वंशावळ हा पाटला-देशमुखांचा षौक, असं मीही बरीच वर्षं म्हणायचो. पण दप्तरात कुणाचं नाव येतं, कुणाचं येत नाही आणि आलं तर कशासाठी येतं, हा सत्तेचा प्रश्न आहे.

आधी साहेबाच्या मुलखात जाऊ. आज मँचेस्टरच्या गिरणी कामगाराचा पणतू आपला खापरपणजा शोधायला बसला, तर त्याला तो सापडायची बरीच शक्यता असते. राजा आठवा हेन्री, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. त्यानं 1538 साली हुकूम काढला, की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवायची. हेतू काही गरिबाच्या कळवळ्याचा नव्हता. पण वही एक होती. जमीनदाराचं पोर आणि त्याच्या नांगऱ्याचं पोर एकाच पानावर. 1783 ते 1794 ह्या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला, कंगाल माणसाला माफ केला. मग पाद्री कंगालाच्या नावापुढं कंगाल म्हणून एक अक्षर लिहायचा. अपमान झाला, पण नाव राहिलं. 1841 च्या खानेसुमारीपासून घराघरातल्या माणसांची नावं, 1851 पासून जन्मगाव. शेतमजूर इतके, की मोजणीदार लिहून लिहून कंटाळला आणि 'ॲग लॅब' एवढंच खरडू लागला. शंभर वर्षं झाली की त्या वह्या लोकांना उघड्या होतात. 1921 ची 2022 च्या जानेवारीत उघडली. कोळसा खाणीतल्या मजुराची पणती आज घरबसल्या तिच्या पणज्याच्या खोलीत किती माणसं झोपत होती ते वाचते.

आता आपले जातभाई बघा, अमेरिकेतले. होय, जातभाईच म्हणतो. ज्यांच्या पँथरवरून आपल्याकडं 1972 साली पँथर झाले, ते काळे लोक. 1850 आणि 1860 च्या अमेरिकन खानेसुमारीत गुलामांची यादी वेगळी होती. वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र. वर नाव मालकाचं. गुलामाच्या नावाचा रकानाच नव्हता. 1870 ला सगळ्यांची नावं आली. आजही तिथला काळा माणूस आजा-पणजा शोधत मागं जातो तो 1870 पाशी भिंतीला थडकतो. पुढं जायचं तर मालकाचे कागद उघडावे लागतात, मृत्युपत्रं, विक्रीचे कागद. बाप शोधायचा तर बापाला विकणाऱ्याचा हिशोब वाचायचा.

आपली भिंत कुठं आहे?

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडं पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. आला यजमान, लिहिलं नाव, गाव, बाप, भाऊ. पण वही कुंडाकाठची. काळाराम मंदिरात शिरायला आणि रामकुंडावर उतरायला ज्यांना 1930 साली डोकी फोडून घ्यावी लागली, त्यांनी त्या वहीत आपला पणजा शोधायला जाऊ नये.

खानेसुमारी म्हणाल, तर निजामाच्या राज्यात 1881 पासून झाली. महार किती, मांग किती, चांभार किती, आकडे आहेत. माणसं नाहीत. मोजून झाल्यावर चिठ्ठ्या कुणी जपल्या नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्यानं तर घरोघरची नोंद बघायलाच बंदी आहे. शंभर वर्षांनी उघडू, असंही त्यात नाही. 2025 साली केंद्रानं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं, चांगलं झालं. पण पणतूला त्यातून पणजा मिळणार नाही.

मग आपला माणूस सापडतो कुठं? मी सांगतो, मी कुठं शोधला. खासरा पत्रकात शेताचा मालक दुसरा, आपला नाही. आपला आहे गाव नमुना 1-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक जमीन, गायरान कसणाऱ्यांना दंड झाले. त्या दंडाच्या पावत्या आज आमच्या बायाबापड्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवतात, कारण हा माणूस ह्या जमिनीवर होता हे सांगणारा सरकारी कागद तेवढाच. विमुक्तांचा आजा सापडतो पोलिसाच्या हजेरीत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्याला गुन्हेगार जन्माला घातला, 1952 ला सोडला. आमची नोंद होते ती राबणारा म्हणून, दंड भरणारा म्हणून, आरोपी म्हणून.

बायका तर त्यातही नाहीत. निजामी कागदात पुरुषापुढं 'वल्द' लिहून बापाचं नाव असतं. बाई असलीच तर 'जौजे' अमुक, म्हणजे अमक्याची बायको. तिचं स्वतःचं नाव लिहायला कारकुनाची शाई संपते.

ह्याच पैठणला नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून महाराचं पोर उचललं. नाथांचा मोठेपणा मी नाकारत नाही, त्या काळात ते सोपं नव्हतं. पण त्या पोराचं नाव काय? आईचं नाव काय? आजवर एकाही कीर्तनकाराच्या तोंडून मी ते ऐकलं नाही. उलट चोखोबाचं घर बघा. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा. चौदाव्या शतकातलं अख्खं महाराचं घर आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. पाटलाच्या दप्तरामुळं नाही. त्यांनी अभंग केले आणि स्वतःच्या नावाची सही अभंगात केली, म्हणून.

अजून मागं जायचं असेल तर कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याला जा. लेण्यातल्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावं आहेत, त्यात एक सुगंधी द्रव्याचा व्यापारी. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर तर कारागिराचंच नाव आहे, कान्हदास, सोनार. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लेण्यात हातानं काम करणाऱ्याचं नाव दगडावर येतं. नंतरच्या धर्मपीठाच्या गावात त्या हाताचं नाव कागदावरही येत नाही.

भीमा कोरेगावचा स्तंभ तुम्हाला पाठ आहे. 1818 च्या लढाईत पडलेल्यांत 22 नावं 'नाक' शेवट असलेली. पहिल्यांदा आपली नावं एका रांगेत कोरली गेली ती मरणाची. शाळेच्या रजिस्टरात आपण आलो ते फार उशिरा. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, 1914 क्रमांकाला. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत कॉलेजच्या रजिस्टरात पहिलं नाव लागलं ते 1950 नंतर, बाबासाहेबांच्या मिलिंदमध्ये. आमच्या घराण्यात एका पोराच्या नावामागं सही करायला बाप स्वतः हजर होता, अंगठा घेऊन, ती नोंद मिलिंदचीच.

आणि जे काही होतं त्याचंही काय झालं? जायकवाडीचं धरण 1965 ला सुरू झालं, 1976 ला लोकार्पण झालं. शंभराहून जास्त गावांना पाणी लागलं. गावठाण उठलं तेव्हा ज्याच्या नावावर घर-जमीन त्याची नोंद नव्या गावठाणात गेली. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याचा पुरावा म्हणजे शेजारी, तो कुठं गेला कुणाला ठाऊक! 1978 ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरं पेटवली. घर पेटतं तेव्हा पत्र्याची पेटीही जळते, त्यातली पावतीही जळते. नामविस्ताराला 1994 उजाडलं. त्या जळालेल्या कागदाच्या बदल्यात पडताळणीच्या टेबलावर सूट आहे का? नाही.

2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली. सरकार मनावर घेतं तेव्हा काय होतं ते बघा! पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले, साडेअकरा हजार नोंदी पहिल्या अहवालात आल्या. उर्दू वाचणारे आणले, मोडी वाचणारे आणले. महसूल, शाळा, पोलीस, तुरुंग, भूमी अभिलेख, ताडीच्या परवान्यांच्या वह्यासुद्धा काढल्या. मराठा समाजातल्या गरीब शेतकऱ्याशी माझं भांडण नाही, त्याला त्याचा आजा मिळाला तर मिळू दे. माझा सवाल एवढाच. त्याच कागदांच्या त्याच पानांवर महार, मांग, ढोर, चांभार, कैकाडी ही नावंही होतीच ना? पान उलटणाऱ्या बोटाखालून ती सरकली. मग ती का नाही उतरवून घेतली? सरकारनं एकदा शोधायचं ठरवलं तर ते शोधू शकतं, हे आता सिद्ध झालंय. तेव्हा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची, हे कलम आम्ही का ऐकून घ्यायचं? ही मागणी लेखी घेऊन तहसीलवर जायचं आहे, पण तोवर हातावर हात धरून बसायचं नाही.

कामाचं सांगतो, लिहून घ्या. निजामी कागदावर साल फसली असतं. त्यात 590 मिळवा, इसवी सन येईल, एखाद्या वर्षाचा फरक धरा. 1357 फसली म्हणजे 1947-48. 1931 च्या खानेसुमारीत भाग्यरेड्डी वर्मांच्या चळवळीमुळं हैदराबाद संस्थानात 'आदि-हिंदू' ही नोंद आली. तेव्हा जुन्या कागदावर आज्याची जात 'आदि-हिंदू' दिसली तर घाबरू नका, कागद फेकू नका. 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर मागा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा बापाचा नाही मिळाला तर चुलत्याचा, आत्याचा मागा. गाव नमुना 14, जन्ममृत्यूचा. अर्ज दोन प्रतींत द्या, पोच घ्या, तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका. 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' हेसुद्धा लेखी घ्या.

आणि घरी म्हातारी असेल तर तिच्यापाशी बसा. तिला सासरमाहेरची पाच पिढ्यांची बायकांची नावं येतात, कुठल्याच दप्तरात नसलेली. उर्दू वाचणारे एक निवृत्त मास्तर आपल्याबरोबर बसायला तयार आहेत, चहाशिवाय काही घेत नाहीत. येत्या रविवारी ज्याच्याकडं जो कागद असेल तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, घडी उलगडू नका, फाटतो. म्हातारीला चालवत असेल तर तिलाही आणा.