डोळ्यांतलें पाणी

बुरोंडीस समोर समुद्र पसरलेला असतां माझ्या डोळ्यांतलें पाणी मात्र आटलें. पापणी लवली कीं वाळू सले. मास्तराचें वाचन सुटलें. औषधाच्या थेंबांनीं भागेना, तेव्हां डॉक्टरांनीं मोठें भिंग सुचविलें. १८८८ सालीं आडोल्फ फिक यांनीं असलें भिंग कांचेचें केलें होतें. आजचें प्राणवायु आंत जाऊं देणाऱ्या प्लास्टिकचें असतें. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंत तें बसवितात. तें बुबुळास न टेकतां भोंवतालच्या पांढऱ्या भागावर विसावतें. मधल्या पोकळींत भरलेलें मिठाचें निर्जंतुक पाणी बुबुळ ओलें राखतें. मूळ रोग यानें जात नाहीं. रात्रीं भिंग काढावें, नळाचें पाणी त्यास लावूं नये. एवढी शिस्त पाळून मी पुन्हां वाचूं लागलों. डोळ्यांची जळजळ म्हातारपणाच्या माथीं मारूं नका. वेळींच डोळे दाखवा.