खुराडे पुरे करताना

माणूस गेला की त्याच्या हातची काही कामे तशीच उभी राहतात. परसातले खुराडे हे त्यांतले एक. अँगल रोवलेले असतात, दोन बाजूंना जाळी ठोकलेली असते, पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात आणि दाराच्या बिजागऱ्या अजून पुडक्यातच असतात. आपल्या गावांत कोंबड्या सांभाळायच्या बाईने आणि खुराडे बांधायचे पुरुषाने, अशी वाटणी बहुधा असते. त्यामुळे मागे राहते ती बहुतेक वेळा पत्नी. कुठे पत्नीने आखलेले खुराडे पतीपुढे उभे असेल, तर त्यालाही आजचे बोलणे लागू आहे. माझे म्हणणे असे की, खुराडे पुरे करायचे ठरले तर माप मागे राहिलेल्या माणसाचे धरावे. त्याची उंची, त्याची ताकद, त्याचा दिवस पाहून काम करावे आणि गेलेल्याच्या आराखड्यातले जे या मापात बसत नाही, ते मोकळ्या मनाने बदलावे.

याचे पहिले कारण संख्येत आहे. समजा, पतीने जोडधंदा म्हणून शंभर कोंबड्यांचा विचार केला होता. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे शंभर कोंबड्यांना रोज 10 ते 12 किलो खाद्य हवे. पाणी वीस-पंचवीस लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. हे खाद्य तालुक्याच्या बाजारातून मोटारसायकलवर आणायला आणि पाणी वाहायला एक धडधाकट माणूस त्या हिशेबात गृहीत होता. तो माणूसच नसला की उरलेला हिशेब कागदावरच राहतो. त्याऐवजी बारा-पंधरा कोंबड्या ठेवल्या तर सगळे गणित बदलते. दिवसभर त्या परसात आणि बांधावर चरतात, किडे-मुंग्या टिपतात, घरातले सांडलेले-उरलेले खातात, संध्याकाळी मूठभर दाणे टाकले की भागते. रात्रीपुरत्या निवाऱ्याला कोंबडीमागे एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. म्हणजे शंभरांसाठी आखलेल्या सांगाड्याचा एक कोपरा बंदिस्त केला तरी काम होते आणि उरलेल्या भागात सरपण, चारा, शेतीची अवजारे ठेवता येतात.

दुसरे कारण शरीराचे. खुराडे बांधून होते एकदा, झाडावे लागते रोज. जमिनीलगतच्या ठेंगण्या खुराड्यात वाकून, अर्धे अंग आत घालून विष्ठा खरवडायची, हे पन्नाशीतल्या कंबरेला झेपत नाही. मग साफसफाई लांबते, तळाचे तूस ओले होते, अमोनियाचा वास नाकात बसतो आणि कोंबड्यांचे डोळे चिकटू लागतात. तळ कमरेच्या उंचीवर घेतला, खाली ओढून काढता येईल असा पत्र्याचा ट्रे ठेवला आणि अंडी घालायच्या खोक्यांना बाहेरून उघडणारे झाकण लावले, तर उभ्या उभ्या सगळे उरकते. दाराची कडी पत्नीच्या हाताला सहज पोहोचेल तिथेच हवी. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने स्वतःच्या खांद्याशी लावायचे ठरवलेली कडी तिला रोज टाचा उंचावायला लावेल.

इथे कोणी म्हणेल, गेलेल्याचा बेत बदलणे म्हणजे त्याच्या कष्टांचा अनादर झाला. या आक्षेपामागची माया मला कळते, तरीही तो मला पटत नाही. आराखडा म्हणजे मृत्युपत्र नव्हे. तो जिवंत असता तर त्यानेही काम करता करता बदल केलेच असते. बांधकाम कसे होते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. आपल्याच इतिहासात याहून मोठ्या कामाचा दाखला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1901 मध्ये गेले. मुलींसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू केली होती. रमाबाई रानडे यांनी त्याच कार्यासाठी आपले आयुष्य वाहिले, पण 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभारताना शाळेच्या वयापलीकडच्या स्त्रिया, विधवा, स्वतःच्या पायावर उभे राहायला निघालेल्या बायका त्यांनी डोळ्यांपुढे ठेवल्या. शिक्षिका आणि परिचारिका घडवायचे काम तिथे झाले. पतीचे काम रमाबाईंनी मोडले, असे आज कोणीही म्हणणार नाही. हेतू तोच राहिला, घडण त्यांची स्वतःची होती. खुराड्याचा हेतू तर फारच साधा आहे: कोंबड्या सुखरूप राहाव्यात आणि घरात अंडी यावीत. तो सांभाळला की निष्ठा सांभाळली गेली.

काही गोष्टींत मात्र तडजोड करू नये, मग त्या गेलेल्या माणसाच्या हातून राहिलेल्या असोत की त्याच्या हातून चुकलेल्या. षटकोनी छिद्रांची पातळ चिकनजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा रानमांजराला बाहेर ठेवत नाही. आणि छिद्र मोठे असेल तर मुंगूस त्यातून शिरतेही. निदान खालच्या दोन-तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश हवी आणि जमीन उकरून शिरणारी घूस अडवायला ती फूटभर खाली पुरलेली हवी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचे ऊन थेट आत येत नाही. पावसाच्या झडीपुढे पत्रा पुरेसा बाहेर काढावा लागतो. बसायला दांडा हवा, कारण कोंबडी रात्री उंचावर बसूनच निर्धास्त झोपते. ठोकून झालेली जाळी यात बसत नसेल तर ती उचकटावी. त्याने ठोकलेला खिळा काढताना हात जड होणारच, पण मुंगसाने एका रात्रीत सगळ्या कोंबड्या मारल्या तर त्या खिळ्याची आठवण कायमची कडू होईल.

दुसरा आक्षेप व्यवहारी नातेवाइकांचा असतो. वहिनी, हे सगळे विकून टाका, तयार पिंजरा आणू, असे दीर म्हणतात. त्यांच्या मनात काळजीच असते. पण कापलेले अँगल आणि वापरलेली जाळी भंगाराच्या भावाने जातात, त्यात घातलेली मजुरी बुडते, आणि तयार पिंजऱ्याला पुन्हा रोख पैसे मोजावे लागतात. शिवाय ते सामान विकायचे की ठेवायचे, हे नुसत्या सोयीवरून ठरत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पतीच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी ही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीची वारस असते आणि तिच्या वाट्याला आलेल्याची ती पूर्ण मालक असते. पत्रे आणि अँगलही त्याच मालमत्तेत मोडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. कुंकू आणि बांगड्यांबाबत गाव एवढे बोलू शकते, तर परसातल्या वस्तूंविषयी आधी तिला विचारण्याइतके त्याला नक्कीच जमेल.

आणखी एक शंका ऐकू येते: पंधरा कोंबड्यांनी काय मोठे होणार? 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून जवळपास 31 कोटी 70 लाख भरले. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे 46 टक्के होती, तर व्यापारी फार्मांवरची वाढ जेमतेम साडेचार टक्के. हे पक्षी अशाच लहान-लहान अंगणांतले. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण ती खुडूक बसते, पिल्ले स्वतः वाढवते, आणि तिचे अंडे बाजारात जास्त भावाने जाते. मुलांच्या ताटात अंडे येते, आणि अडीनडीला एक कोंबडा विकला तर हातात आलेली रक्कम कोणापुढे हात न पसरता आलेली असते. ज्या घरातली मिळकत अचानक थांबली आहे, तिथे या रकमेला मी क्षुल्लक म्हणणार नाही. मानमोडीची लस तेवढी चुकवू नये. तो रोग सगळे खुराडे रिकामे करतो.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. तेरावे होताच ‘आता कामाला लाग, मन रमेल’ असे सांगणारे असतात, आणि वर्षश्राद्धापर्यंत कशाला हात लावू नको म्हणणारेही असतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी नव्या जगण्याच्या कामांकडे, आणि हे मागेपुढे होणेच त्याला सावरते, असे ते सांगतात. मला ही मांडणी खुराड्याच्या बाबतीत फार उपयोगाची वाटते. काम एका दमात संपवायची गरज नाही. आज जाळी लावावी, मग महिनाभर तिकडे फिरकू नये, हे चालते. फक्त सुटे पत्रे वाऱ्याने उडणार नाहीत असे बांधून ठेवावेत आणि वर आलेले खिळे काढून टाकावेत, एवढे शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच करून द्यावे. तिला ते पुरे करायचेच नसेल, तर सांगाडा उतरवून त्या जागी भाजी लावायचा तिला तितकाच अधिकार आहे. आणि करायचे असेल, तर सुताराला किंवा वेल्डरला बोलावले त्या दिवशी टेपचे एक टोक तिच्या हातात द्यावे, कोंबड्या किती ठेवायच्या ते आधी तिला विचारावे आणि मगच अँगल कापायला घ्यावा.